सर्रा होऊन गेलेल्या घोडीला पुन्हा कामाला कधी लावावे?

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातील एका घोडेमालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या काठेवाडी घोडीला पावसाळ्याच्या अखेरीस सर्रा, म्हणजे गोमाशीमुळे पसरणारा रक्तातील परजीवीचा आजार, झाला. ताप मध्येच येई आणि मध्येच जाई, म्हणून सुरुवातीला तो साधा ताप समजला गेला. पुढे पोटाखाली आणि मागच्या पायांवर सूज उतरली तेव्हा रक्त तपासून निदान झाले. क्विनापायरामिनचे इंजेक्शन देऊन आता पाच आठवडे झाले आहेत. ताप नाही, सूज ओसरली आहे, चारा ती आवडीने खाते, पण अंगावरचे मांस पार गेले आहे. मोकळी सोडली की मात्र उड्या मारते. तुळशीच्या लग्नानंतर वरातींची कामे सुरू होतात आणि मार्गशीर्षात पुसेगावची यात्रा येते. तोवर तिला तयार करता येईल का, अंग लवकर भरावे म्हणून कोणता खुराक आणि कोणते टॉनिक द्यावे, आणि शेजारी सांगतात तसा पोल्ट्रीचा भरडा चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर देतो. पुसेगावच्या यात्रेत या वर्षी घोडी पळवू नये. वरातीत शांतपणे चालण्याचे हलके काम जानेवारीच्या उत्तरार्धात, तेही तपासण्या चांगल्या आल्या तरच, सुरू करता येईल. नाचकाम आणि भरधाव दौड या दोन्ही गोष्टी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाजूला ठेवाव्यात. वरातीच्या हंगामावर घरचे गणित अवलंबून असते हे मी जाणतो, आणि म्हणूनच हे इतके लांबवायचे कारण नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

घोडी उड्या मारते ही चांगली खूण आहे, पण तिच्यावरून ताकद मोजता येत नाही. आजारातून उठणाऱ्या घोड्यात सर्वांत आधी उमेद परत येते. रक्त त्यानंतर भरते, त्याहून उशिरा स्नायू भरतात, आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे पट्टे), सांधे व हाडे सर्वांत शेवटी तयार होतात. दमसास काही आठवड्यांच्या कामाने सुधारू लागतो, स्नायूंना दोन ते तीन महिने लागतात, तर कंडरा आणि हाडे पूर्वीचा भार झेलण्याजोगी व्हायला चार ते सहा महिने सहज जातात. जे घोडे आजारानंतर कायमचे लंगडे होतात, त्यांतले बरेचसे दम परत आला पण पाय अजून तयार झाले नव्हते, अशा मधल्या काळात पळवलेले असतात.

सर्र्याच्या बाबतीत रक्ताचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा या आजाराचा परजीवी रक्तात वाढतो आणि त्यामुळे तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. घोड्याची तांबडी पेशी सुमारे 140 ते 150 दिवस जगते, म्हणजे निरोगी घोड्याच्या शरीराला हे काम सावकाश करण्याची सवय असते. एकदम झालेली तूट भरून काढायला त्याला कित्येक आठवडे लागतात. गाय किंवा कुत्रा यांच्या रक्तात अपक्व पेशी दिसू लागल्या की नवे रक्त तयार होत आहे हे कळते. घोडा अपक्व पेशी रक्तात जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे एकाच तपासणीवरून काही ठरवता येत नाही. दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने रक्त पुन्हा तपासून आकडा चढतो आहे की नाही हेच पाहावे लागते.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचे मोठे कोठार असते; एकूण पेशींपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तिच्यात साठलेला असू शकतो. घोडा घाबरला, चिडला किंवा पळाला की प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात येतो. म्हणूनच अंगात रक्त कमी असलेली घोडीसुद्धा मोकळ्या रानात दोन मिनिटे जोरात उधळू शकते, आणि म्हणूनच पाच माणसांनी दाबून धरलेल्या, घामाघूम झालेल्या घोडीचे रक्त घेतले तर आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त येतो. रक्त घ्यायचे ते सकाळी, घोडी आपल्या जागी शांत उभी असताना, ओळखीच्या माणसाने धरलेली असताना घ्यावे. हलक्या बांध्याच्या घोड्यात पेशींचे प्रमाण, म्हणजे रिपोर्टमध्ये पीसीव्ही लिहिलेला आकडा, साधारण 32 ते 45 टक्के असतो. तो 25 च्या खाली असेल तर मी घोडीला हाताने धरून थोडे फिरवण्यापलीकडे काहीही करू देत नाही, आणि 30 ओलांडल्याशिवाय पाठीवर माणूस बसवत नाही. आपल्या घोडीची दुसरी रक्ततपासणी झालेली दिसत नाही. ती आधी करून घ्यावी. आपल्या डॉक्टरांना सोयीचे नसेल तर शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार लांब नाही.

त्याच वेळी परजीवीसाठीही रक्त पुन्हा पाहावे. सर्रा उपचारानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही उलटतो, कारण परजीवी ऊतींमध्ये आणि मज्जासंस्थेत औषधापासून लपून राहू शकतो. यासाठी रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप वहीत लिहून ठेवावा. 99.5 ते 101.5 फॅरेनहाइट हे स्वाभाविक मान समजावे. 102 च्या वर एकदाही गेला तर त्या दिवसाचे काम बंद करावे आणि ताप असतानाच रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) करून घ्यावी, कारण परजीवी रक्तात सापडण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. ताप उतरवणारी गोळी आधी देऊन नंतर डॉक्टरांना बोलावले तर निदान हातचे जाते.

आपण पत्रात लिहिले आहे की घोडी म्हशींच्या गोठ्यातच, दोन म्हशींच्या शेजारी बांधली जाते. ही व्यवस्था आजच बदलावी. म्हैस आणि गाय यांच्या अंगात हा परजीवी कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि मोठी गोमाशी एका जनावराचे रक्त पिताना हाकलली गेली की लगेच शेजारच्यावर बसून उरलेले रक्त पिते. तिच्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातूनच रोग पसरतो. जनावरे जितकी जवळ, तितका धोका अधिक. घोडी वेगळ्या, वाऱ्याच्या जागी बांधावी, शेण आणि लीद रोज लांब न्यावी, गोठ्यामागचा चिखल मोडून काढावा, आणि संध्याकाळी धूर करावा. घोडीला आणि म्हशींना एकच सुई कधीही वापरू नये. म्हशींचे रक्तही एकदा तपासून घेतलेले बरे.

आता खुराकाकडे वळतो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त चुकीचे सल्ले याच बाबतीत दिले जातात.

पोल्ट्रीचा भरडा अजिबात देऊ नये. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडियोसिस हा आतड्याचा रोग रोखण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे मिसळलेली असतात. ती कोंबडीला चालतात, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतात. घोडा मोनेन्सिनला इतका नाजूक आहे की अगदी थोड्या मात्रेनेही तो दगावतो, आणि जो वाचतो त्याचे हृदय कायमचे अधू राहू शकते. तो गोठ्यात धडधाकट दिसतो आणि एखाद्या दिवशी स्वाराखाली कोसळतो. यावर उतारा नाही. सातारा-सांगली भागात पोल्ट्रीचा व्यवसाय मोठा असल्यामुळे हा भरडा स्वस्तात आणि सहज मिळतो, म्हणून हे इतक्या ठासून लिहीत आहे. तयार गोळी पेंडीच्या पोत्यावर नेमके काय मिसळले आहे ते कळत नसेल, तर तीही घोड्याला देऊ नये. कोंबड्यांचे खाद्य दळले जाते त्याच चक्कीवर घोडीची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भरडून आणू नये.

आधी वजन काढावे. वजनकाटा लागत नाही, टेलरची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग बसतो त्या जागी छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून 11,880 ने भागावे. घेर 155 आणि लांबी 145 असेल तर वजन सुमारे 293 किलो निघते. आपण दिलेल्या वर्णनावरून आपली घोडी आज याच्या आसपास असावी आणि निरोगी असताना साडेतीनशेच्या घरात असावी. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी चंदीआधी, शक्यतो एकाच माणसाने मोजावे.

घोड्याचे पोट वैरणीवर चालते, दाण्यावर नाही. रोज शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का आणि शक्यतो दोन टक्के कोरडी वैरण त्याच्या पोटात जायलाच हवी. आपल्या घोडीसाठी सुरुवातीला तीन किलो स्वच्छ, बुरशी नसलेला कडबा, दोन किलो वाळलेले गवत आणि चार ते पाच किलो सुकवत ठेवलेला लसूण घास, हे दिवसभरात चार-पाच वेळा विभागून द्यावे. लसूण घासात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही चांगले असतात आणि झिजलेले स्नायू भरायला प्रथिने लागतात. पण तो एकदम वाढवू नये, आठवडाभरात हळूहळू वाढवावा. हत्तीगवत काही घरी मुख्य चारा म्हणून घोड्याला दिले जाते. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे महिनोन्महिने केवळ त्यावर घोडा ठेवू नये.

ज्वारीबाबत स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. या दिवसांत रानात रब्बीची कोवळी ज्वारी असते आणि विरळणी करून काढलेली रोपे जनावरांपुढे टाकली जातात. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते हे आपले शेतकरी जाणतात. घोड्याच्या बाबतीत याशिवाय आणखी एक धोका आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. हिरवी ज्वारी बरेच दिवस खाल्ल्यास घोड्याच्या मागच्या अंगातील शक्ती जाते, चालताना पुठ्ठे डोलतात आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. सर्राही मागचे अंग कमकुवत करतो. सर्र्यातून उठलेल्या घोडीला हिरवी ज्वारी घातली आणि पुढे मागचे पाय डोलू लागले, तर रोग उलटला की चाऱ्याने घात केला हे ओळखणे डॉक्टरांनाही कठीण होते. पूर्ण पक्व होऊन वाळलेला कडबा द्यावा. हिरवी ज्वारी देऊ नये.

चंदीची सुरुवात दिवसाला अर्ध्या किलोने करावी, तीही दोन वेळा विभागून. दर चार-पाच दिवसांनी पाव किलो वाढवत, काम सुरू झाल्यावर दिवसाला दोन ते अडीच किलोपर्यंत, तीन वेळा विभागून न्यावी; एका वेळी एक किलोपेक्षा जास्त दाणा कधीही देऊ नये. ओट मिळाला तर उत्तम, नाहीतर भरडलेला सातू चालतो. हरभरा रात्रभर भिजवलेला आणि एकूण चंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच असावा. मका द्यायचाच असेल तर तो भरडून शिजवलेला असावा, कारण कच्च्या मक्यातील पिष्ट लहान आतड्यात नीट पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि त्यातून पोटदुखी किंवा खुरांचा दाह उद्भवतो. गव्हाचा कोंडा ओला करून आठवड्यातून एक-दोनदा देण्यास हरकत नाही. रोज घमेलेभर कोंडा देण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे असते, त्यामुळे शरीर कॅल्शियमसाठी हाडे झिजवू लागते आणि कालांतराने तोंडाची हाडे फुगलेली दिसतात. वजन वाढवण्यासाठी दाणा वाढवण्यापेक्षा तेल बरे. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे ताजे तेल 50 मिलीपासून सुरू करून दोन ते तीन आठवड्यांत 200 मिलीपर्यंत न्यावे. रोज 30 ग्रॅम साधे मीठ चंदीत घालावे आणि पाण्याची बादली दिवसरात्र समोर असावी.

बदाम, तूप, अंडी आणि गूळ यांची आपण चौकशी केली आहे. दोन-चार बदामांनी नुकसान नाही, फायदाही नाही. अंड्यांपेक्षा लसूण घास आणि हरभरा यांतून मिळणारी प्रथिने घोड्याच्या पोटाला अधिक मानवतात. औषध खाऊ घालण्यासाठी गुळाचा खडा वापरावा, खुराक म्हणून पावशेर गूळ रोज देऊ नये.

टॉनिकबाबत मात्र मी अधिक कडक आहे. रक्त कमी आहे म्हणजे लोह कमी आहे, अशी समजूत सर्वत्र आहे. सर्र्यात पेशी शरीराच्या आतच फुटतात आणि त्यांतील लोह शरीर पुन्हा वापरते, म्हणून या घोडीला लोहाची कमतरता असण्याची शक्यता फार थोडी आहे. वैरणीतूनही घोड्याला पुरेसे लोह मिळत असते. शिरेतून किंवा मांसात दिलेल्या लोहाच्या इंजेक्शनाने घोड्यांना जीवघेणी ॲलर्जी होऊन ते जागच्या जागी कोसळल्याचे प्रकार पशुवैद्यकात नोंदलेले आहेत. दुसरे इंजेक्शन स्टेरॉइडचे. ते दिल्यावर घोडा दोन-तीन दिवसांत तरतरीत दिसू लागतो, चारा ओढून खातो, आणि म्हणूनच बाजारात त्याला मागणी आहे. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते, आणि लपून बसलेला सर्रा उलटण्यास याहून सोयीची स्थिती नाही. खुरांचा दाह होण्याचा धोका त्यात आणखी वाढतो. कुणी मोतद्दार किंवा व्यापारी अशी कुपी घेऊन आला, तर ती टोचू देऊ नये.

आता व्यायाम. रक्ताचा आकडा 25 च्या वर असेल, सलग दोन आठवडे ताप नसेल आणि चारा पूर्ण खात असेल, तर घोडीला हाताने धरून सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे सपाट, मुरमाड रस्त्यावर चालवावे. काळ्या रानातील ढेकळे आणि चिखल टाळावा, कारण कमकुवत पाय तिथे मुरगळतात. ही चाल आठवड्याला दहा-दहा मिनिटांनी वाढवत दिवसाला एकूण तासापर्यंत न्यावी, आणि चार आठवडे तिच्यापलीकडे जाऊ नये. निव्वळ चालण्याने काय होणार, असे मालकांना वाटते. कंडरा आणि हाडे मात्र याच संथ, लांबलेल्या कामाने घट्ट होतात. माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत आपल्याच जिल्ह्यातून चालत जातात. घोड्याला तयार करण्यात चालीला किती स्थान आहे हे त्यांच्याकडे पाहून समजते.

प्रत्येक दिवशी नाडी पाहण्याची सवय लावून घ्यावी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेवर, गालाचा मोठा स्नायू जिथे सुरू होतो त्याच्या जरा पुढे, दोन बोटे आतल्या बाजूने फिरवली की बोरूएवढी गोल नळी हाताला लागते आणि बोटांखालून सरकते. ती हलकेच हाडावर दाबून धरली की ठोका लागतो. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजावे आणि चाराने गुणावे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. आपल्या घोडीचा सकाळचा आकडा आठवडाभर लिहून काढला की तिचा स्वतःचा आकडा कळेल. समजा तो 40 आहे. एखाद्या सकाळी तो 46 किंवा 48 आला, तर आदल्या दिवशीचे काम तिला जड गेले आहे किंवा आत काहीतरी शिजते आहे असे समजून त्या दिवशी विश्रांती द्यावी. काम संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे. तेव्हा नाडी 60 च्या खाली आलेली असावी आणि श्वास नाडीपेक्षा कमी असावेत. 64 च्या वर अडकून राहिली तर पुढच्या दिवशी काम निम्मे करावे. वरचा ओठ उचलून हिरडीही पाहावी. ती फिकट गुलाबी असावी, आणि अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत भरून यावा. हिरडी पांढुरकी किंवा पिवळसर दिसली तर काम थांबवून रक्त तपासावे.

चाल चार आठवडे नीट जमली आणि रक्ताचा आकडा तिशी ओलांडून गेला की खोगीर घालावे. येथे आपल्या पत्रातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपले वजन 80 किलो आहे आणि घोडी आज तीनशेच्या आत आहे. खोगीर धरून स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास असावे असे मी धरतो, आणि निरोगी घोड्यालाही वीस टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही. म्हणून पहिले दोन महिने तरी घरातील हलक्या, पण लगाम सांभाळता येणाऱ्या मुलाला बसवावे. पाठीवरचे मांस गेल्यामुळे जुने खोगीर आता मणक्यावर आणि खांद्याच्या उंचवट्यावर टेकत असणार. हात आत घालून पाहावे, जागा राहत नसेल तर घोंगडीची जाड घडी वापरावी, आणि उतरल्यावर घामाचा ठसा पाहावा. ओल्या ठशाच्या मध्ये एखादा कोरडा डाग राहिला तर तिथे दाब पडतो आहे, आणि पुढे तिथेच जखम होणार.

स्वारासह दोन-तीन आठवडे चाल, त्यानंतर मध्ये मध्ये एक-दोन मिनिटे दुडकी, हा क्रम ठेवावा. दुडकीचे तुकडे आठवड्यागणिक थोडे लांबवत एकूण वीस मिनिटांपर्यंत न्यावेत. मग जरंडेश्वराच्या पायथ्यासारखा सौम्य चढ चालीने घ्यावा. चढावर हृदयाला आणि पुठ्ठ्यांना काम मिळते आणि वेगाचा धक्का पायांना बसत नाही. उतार हाताने धरून, स्वार उतरवून उतरावा. हे सारे नीट पार पडले तर फेब्रुवारीच्या मध्यावर छोटी दौड सुरू होईल. एका आठवड्यात वेळ किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट वाढवावी, दोन्ही एकदम वाढवू नयेत. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, आणि त्या दिवशी चंदी निम्मी करावी. भरपूर दाण्यावर एक-दोन दिवस उभा राहिलेला घोडा पुन्हा कामाला लावला की पुठ्ठ्यांचे स्नायू दगडासारखे आखडून लघवी तांबडी-काळी होऊ शकते; असे दिसले तर एक पाऊलही पुढे चालवू नये, जागेवरच उभे करून डॉक्टरांना बोलवावे.

खुरांकडे या काळात विशेष लक्ष असावे. मोठा ताप येऊन गेला की खुराच्या भिंतीवर, केसांच्या कडेखाली एक आडवी वळी उमटते आणि खूर वाढेल तशी ती खाली सरकत जाते. महिन्याला खूर साधारण 6 ते 10 मिलीमीटर वाढतो, म्हणून आजाराची ही खूण पुढचे जवळजवळ वर्षभर दिसत राहते. वळी दिसणे स्वाभाविक आहे. पण खूर हाताला सतत गरम लागत असेल किंवा घोडी दगडावर बिचकत चालत असेल, तर खुरांचा दाह आहे का हे तपासून घ्यावे. नालबंदाला सहा आठवड्यांनी बोलवावे आणि हाताने चालवण्याच्या काळात शक्य असेल तर नाल न मारता ठेवावे.

शेवटी वरातीचे काम. जानेवारीच्या उत्तरार्धात, हलक्या वजनाच्या नवरदेवासाठी, जवळच्या गावात, तासाभराची वरात घ्यावी. मागच्या पायांवर उभे करून नाचवण्याचे काम या हंगामात पूर्ण नाकारावे, कारण सर्रा नेमका मागच्या अंगावरच वार करतो आणि सारा भार तिथेच येतो. डीजेच्या भिंतीसमोर घोडी अर्धा तास उभी राहिली, तर ती चालली नसली तरी तिची नाडी दुडकीइतकी चढलेली असते. म्हणून वरातीचा दिवस कामाचा पूर्ण दिवस धरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप व नाडी पाहिल्याशिवाय खोगीर घालू नये. पुसेगावला यात्रेच्या गर्दीत केवळ मिरवायलाही तिला नेऊ नये. टेंपोतील प्रवासाचा ताण, अनोळखी घोड्यांचा सहवास आणि एकच पाण्याची टाकी, या तिन्ही गोष्टी तिला या घडीला परवडणाऱ्या नाहीत. पुढच्या वर्षी न्यायचे ठरवले तर ग्लँडर्स या घोड्यांच्या सांसर्गिक रोगाची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून यात्रेच्या महिनाभर आधी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रक्त द्यावे.